उपवास कुणी करायचा?

वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, तेव्हा दोन अगदी निराळे प्रदेश एका बिशपच्या हाताखाली आले. एकीकडे समुद्राकाठची वसई. तिथे सोळाव्या शतकापासूनची चर्चपरंपरा आहे, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत, मराठी मिस्सा आहेत, पतपेढ्या, वाचनालयं आणि नोकरीधंद्याला दूर गेलेली मुलं आहेत. दुसरीकडे सह्याद्रीच्या उतारावरचे जव्हार आणि मोखाडा. तिथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे विखुरलेले पाडे आहेत, पावसावरचं एकच पीक आहे आणि उरलेलं वर्ष मजुरीवर काढायचं आहे. कॅथलिक घरं वसईत गावंच्या गावं. इकडे पाड्यापाड्यांत थोडीथोडी. तरी मिस्साग्रंथ एक, वाचनं एक, उपवासकाळाचा संदेशही एक. राखेच्या बुधवारी दोन्हीकडे कपाळाला सारखीच राख लागते आणि दोन्हीकडे सारखंच सांगितलं जातं: चाळीस दिवस काहीतरी सोडा. मोखाड्यात या दिवसांतल्या कामात राहून माझं मत पक्कं झालं आहे, की ही सूचना दोन्हीकडे सारखी लागू पडत नाही. मोखाड्याचा उपवासकाळ वसईतून सुरू झाला पाहिजे, म्हणजे मोखाड्याचा माणूस ज्यांच्याकडे कामाला जातो त्यांच्यापासून. हे म्हणणं धर्माला मुरड घालणारं वाटेल, पण धर्माचीच साक्ष काढली तर तीही हेच सांगते.

आधी नियम काय आहे ते पाहू, कारण लोक पाळतात ती पुष्कळदा नियमाभोवती साचलेली सवय असते. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेप्रमाणे सक्तीचे उपवास वर्षात दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण घ्यायचं आणि दोन वेळा थोडंसं खाल्लं तरी चालतं. हे बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच आहे. मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं. आजारी माणसं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना परंपरेने सूट आहे. म्हणजे नियम सौम्य आहे, आणि तो भरल्या घराला समोर ठेवून केलेला आहे. वसईत शुक्रवारी मटण टाळलं, चाळीस दिवस दारू किंवा गोडधोड सोडलं, की ते सोडणं जाणवतं, कारण ते रोजच्या हाताशी असतं. मोखाड्याच्या पाड्यावर दुपारच्या ताटात नागलीची भाकर, उडदाचं पातळ वरण किंवा मिरचीचा ठेचा, आणि असला तर भात. मांस सणाला किंवा पाहुणा आला तर. तिथे शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणणं म्हणजे ताटात नाही ते काढून घेणं. एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं, हा तर कित्येक घरांचा बारमाही परिपाठ आहे. नियम इथे मोडत नाही आणि पाळलाही जात नाही. तो नुसता वरून निघून जातो.

या तालुक्यांचं वर्ष कसं चालतं ते लक्षात घेतलं तर हे आणखी स्पष्ट होतं. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी हे पीक दसरा-दिवाळीच्या सुमाराला हाती येतं. डोंगरउताराची जमीन, पातळ माती, सिंचन जवळपास नाही. दिवाळी झाली की माणसं बाहेर पडतात: वसई, विरार, भिवंडी, ठाणे, कल्याण, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत. नवराबायको, कडेवर धाकटं मूल, डोक्यावर भांडीकुंडी. शाळेतलं मूल मागे आजीआजोबांकडे राहतं, नाहीतर तेही जातं. घरात आलेलं धान्य पुष्कळ ठिकाणी होळीपर्यंत सरतं. पुढे पावसाळ्यात, पेरणी-लावणीच्या दिवसांत, कणग्या रिकाम्या असतात आणि मजुरीही नसते. भुकेचे खरे महिने ते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा महाराष्ट्राला हे कळलं. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी ते पुन्हा कळलं. मध्ये योजना आल्या. २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली, आणि अंगणवाडीच्या ताईंनी ती जिथे नेटाने चालवली तिथे तिचा उपयोगही झाला. पण आई वीटभट्टीवर असेल तर पाड्यावरच्या अंगणवाडीत शिजलेलं जेवण तिच्यापर्यंत पोचत नाही. मोखाड्याची भूक पिकात जितकी आहे तितकीच ती स्थलांतरात आहे, आणि स्थलांतराची वाट थेट किनाऱ्याकडे उतरते.

आता परंपरेकडे वळू. उपवास आणि उपाशी माणूस यांचा संबंध ही कुणा आधुनिक कार्यकर्त्याने काढलेली टूम नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मासच्या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे ती अशी: त्या दिवशी भाकरी-पाण्यावर राहा, एरवी जेवणाला काय खर्च आला असता त्याचा हिशेब करा, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला, गरजूला द्या. पाचव्या शतकातले पोप महान लिओ आपल्या उपवासकाळच्या प्रवचनांत हेच पुन्हा पुन्हा सांगत, की श्रद्धावंताने जे ताटातून बाजूला ठेवलं ते गरिबाच्या मुखी पडलं पाहिजे. म्हणजे उपवास हा एका घरातून दुसऱ्या घरात अन्न नेण्याचा मार्ग होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला. त्यात म्हटलं आहे, की उपवासकाळाचं प्रायश्चित्त केवळ आतलं आणि एकट्याचं नसावं, ते बाह्य आणि सामाजिकही असावं, आणि त्या त्या काळाला, प्रदेशाला, लोकांच्या परिस्थितीला साजेसं असावं. त्यानंतर १७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताविषयी जे शासन काढलं त्यात तर आपला प्रश्न जवळजवळ नावानिशी आला आहे. जिथे सुबत्ता आहे तिथल्या ख्रिस्ती माणसाने आत्मसंयमाची साक्ष अधिक द्यावी. जिथे जगणंच हलाखीचं आहे तिथल्यांनी अधिक न्याय्य समाजासाठी झटत राहावं आणि आपलं सोसणं ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडून प्रार्थनेत अर्पावं. हे दोन निरनिराळे उपवास एकाच चर्चने, एकाच शासनात सांगितले आहेत. वसई धर्मप्रांताचं वैशिष्ट्य एवढंच, की हे दोन्ही देश त्याच्या एकाच हद्दीत, एसटीच्या काही तासांच्या अंतरावर आहेत.

त्या अंतरात काय घडतं ते जवळून पाहायला हवं. वीटभट्टीचा करार पावसाळ्यात किंवा गणपती-दिवाळीच्या तोंडावर होतो, घरात पैसा नसतो तेव्हा. मुकादम पाड्यावर येतो आणि बयाणा देतो: लग्नाला, आजारपणाला, सणाला, किंवा नुसतं मीठमिरची भरायला. तो बयाणा फेडायला जोडपं भट्टीवर जातं. माती कालवायची, मळायची, साच्यात थापायची, कच्च्या विटा उन्हात मांडायच्या, उलटायच्या, रचायच्या. ऊन टाळायला काम रात्रीच सुरू होतं. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती जोडप्याची मिळून धरली जाते, त्यामुळे बाईच्या कष्टाला वेगळा आकडा नसतो. आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-तेलापुरती. पावसात भिजलेल्या, तुटलेल्या विटा पुष्कळदा मोजल्या जात नाहीत. हंगाम संपला की वही उघडते: बयाणा इतका, खर्ची इतकी, विटा इतक्या. वही ज्याच्या हातात, आकडा त्याचा. बाकी निघाली तर पुढच्या वर्षाचं काम आजच ठरलं. याच भागात पूर्वी लग्नासाठी कर्ज घेणारा नवरा बायकोसकट सावकाराच्या दारी राबायचा आणि त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने डहाणू, उंबरगाव, तलासरीचे वारली या वेठीविरुद्ध उभे राहिले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये आला, आणि तरी १९८२ मध्ये वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना निघावी लागली ती वेठबिगार सोडवण्यासाठीच. सगळ्याच भट्ट्या वाईट नाहीत. चोख हिशेब करणारे मालकही आहेत. पण उचल देऊन माणूस बांधण्याची रीत गेलेली नाही, आणि तिची भरती जव्हार-मोखाड्यातून होते.

राखेच्या बुधवारनंतर येणाऱ्या पहिल्याच शुक्रवारच्या मिस्सेत यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचं वाचन असतं. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तो तुला दिसत कसा नाही. त्यावर देवाचं उत्तर सरळ आहे: उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला फायदा पाहता आणि आपल्या कामकऱ्यांना पिळता, मला हवा तो उपवास म्हणजे जोखड मोडणं, दबलेल्यांना सोडवणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं. नव्या करारात याकोबाचं पत्र आणखी पुढे जातं. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं त्यात म्हटलं आहे. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी परिपत्रक लिहिलं तेव्हा त्यांनी याच वचनाचा आधार घेतला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांची जी यादी आहे, तीत खुनाच्या जोडीला मजुरावरचा अन्याय आहे. एवढी स्पष्ट शिकवण असताना आपल्या कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, शुक्रवारी खाल्लेलं मांस येतं आणि गड्याचे राहिलेले पैसे येत नाहीत, याचा विचार व्हायला हवा. म्हणून माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांनी उपवासकाळाचा पहिला नेम हाच धरावा. वाडीत, घरबांधणीवर, भट्टीवर, धंद्यात जो कुणी डोंगराकडून कामाला आला आहे, त्याचा हिशेब आपण स्वतः काढून त्याच्यापुढे ठेवायचा. बाई-पुरुषाची मजुरी वेगळी आणि पूर्ण द्यायची. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालीच झाला होता; आज लागू असलेला किमान वेतनाचा दर आपल्याला माहीत असला पाहिजे. आणि हे सगळं गुड फ्रायडेच्या आत पुरं करायचं. कॅरिटास इंडिया दर उपवासकाळात भूक आणि आजार यांविरुद्धची मोहीम चालवते आणि पाकिटांतून निधी जमतो, हे चांगलंच आहे. मात्र मजुरीतला खड्डा दानाने बुजत नाही. देणं आधी, दान नंतर.

यावर वसईतून येणारा पहिला आक्षेप रास्त आहे. आमची वाडी एक-दीड एकराची, मुलं शेतीत उरली नाहीत, खतं महाग, बाजार मुंबईच्या दलालाच्या हातात, विहिरींचं पाणी खारट होत चाललेलं. आम्ही कुठले मालक? भट्ट्या तर बहुतेक दुसऱ्यांच्याच आहेत. हे खरं आहे, आणि लहान शेतकऱ्याला भट्टीमालकाच्या रांगेत उभं करणं अन्याय होईल. पण मी आरोपपत्र मांडत नाही, आत्मपरीक्षण मागतो आहे, आणि आत्मपरीक्षणाला मोठं मालक असावं लागत नाही. गड्याला दिवसाची मजुरी देणारा प्रत्येक जण त्या दिवसापुरता मालक असतोच. शिवाय वसईत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी घरं, इमारती उठल्या, त्यांच्या विटा कुणीतरी थापल्या आहेत. घर बांधताना विटेचा भाव आपण विचारतो. ती कुणाच्या हातून आली, त्याला काय मिळालं, हेही विचारता येतं. विचारणारे वाढले की भट्टीवरच्या वहीलाही ते ऐकू येतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. असं केलं तर उपवासकाळाचं समाजकार्य होईल, प्रार्थना आणि पश्चात्ताप बाजूला पडतील, आणि चर्च ही एक संस्था होऊन बसेल, असं पुष्कळ श्रद्धावंतांना मनापासून वाटतं. ही भीती मी हलकी मानत नाही. देवाशिवायचा उपवासकाळ नुसता उपक्रम होईल, यात शंका नाही. पण राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात येशूने दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत आणि तिन्हींना एकच कसोटी लावली आहे: लोकांनी पाहावं म्हणून करू नका. एकीच्या नावाने दुसरी सोडण्याची मुभा त्यात नाही. आणि प्रार्थनाच नीट केली तर ती माणसाला इथल्या जगण्याकडेच आणते. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं घ्या. पाचव्या स्थानी सायरीनचा सिमोन भेटतो. तो शेताकडून येतो आहे, त्याचा या खटल्याशी काही संबंध नाही, शिपाई त्याला रस्त्यातच धरतात आणि त्याच्या खांद्यावर क्रूस देतात. ज्या जिल्ह्याने वेठ पाहिली आहे तिथे या स्थानापाशी जास्त समजावून सांगावं लागत नाही. गुड फ्रायडेला क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचन होतं, त्यांत येशू तहान लागल्याचं सांगतो. मोखाड्यात धो धो पाऊस पडतो आणि तो दगडावरून वाहून जातो; फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी आटत जातात, बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, टँकरची वाट पाहतात. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. तहानेवरचं प्रवचन इथे करायचं आणि पाण्याचं नाव घ्यायचं नाही, तर ते प्रवचन अपुरं राहील. वसईने हे पूर्वी करून दाखवलं आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढे होते. पाणी आणि हिरवाई वाचवायला लोक रस्त्यावर आले, त्याने वसईची श्रद्धा उणी झाली नाही. तेच धैर्य धरणाच्या पायथ्याशी तहानलेल्या पाड्यांसाठी मागणं अवाजवी नाही.

तिसरा आक्षेप मोखाड्यातूनच येतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गरिबांनी उपास केला नाही तरी चालेल, असं सांगणं हे त्यांचा मान राखणं आहे की त्यांचा हक्क काढून घेणं? देवाला काही देण्याची इच्छा भरल्या घरालाच असते असं नाही. आदिवासी घरात नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. अर्पण म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. पाड्यावरची म्हातारी माणसं गुड फ्रायडेला पाणीसुद्धा न घेता क्रुसाच्या वाटेला चालतात, आणि त्यांना कुणी थांबवू नये. माझा मुद्दा त्यांच्या उपवासावर बंदी घालण्याचा नाही. भूक ही शिकवणीची गोष्ट म्हणून वरून लादू नये, एवढाच आहे. स्वतः निवडलेली भूक आणि वाट्याला आलेली भूक यांत फरक करायला चर्चने शिकलं पाहिजे. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला, वाढत्या वयाच्या मुलीला तर धर्मगुरूने आणि व्रतस्थ भगिनींनी स्पष्ट सांगावं: बाई, तुझा उपवास म्हणजे वेळेवर जेवणं, अंगणवाडीतलं अंडं टाकू नको. आणि ज्याला इथेही खरोखर काही सोडायचं आहे, त्याच्यापुढे दारू आहे. दारूने घरातली खर्ची संपते, होळीला हातात आलेले पैसे संपतात, मारहाण होते. चाळीस दिवस दारू सोडण्याचा नेम पुरुषांनी एकमेकांच्या साक्षीने घेतला, तर त्याचा लाभ त्याच संध्याकाळी चुलीपाशी दिसतो. असा उपवास अर्पण म्हणूनही खरा आहे, आणि हर्मासची जुनी अटही त्यात पुरी होते. वाचलेलं दुसऱ्याच्या तोंडी जातं, फक्त ते दुसरं तोंड आपल्याच घरातलं असतं.

आता वेळेचा प्रश्न. ईस्टर हा २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार; होळी ही फाल्गुनी पौर्णिमा. दोन्ही सण चंद्रावर चालतात. त्यामुळे होळी एक तर पवित्र आठवड्याच्या आसपास येते, नाहीतर बरोबर एक पौर्णिमा आधी. म्हणजे ती येते ती उपवासकाळातच. २००८ मध्ये होळी आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी, २१ मार्चला आले. २०२४ मध्ये झावळ्यांचा रविवार आणि होळी दोन्ही २४ मार्चला. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला, म्हणजे मध्ये महिन्याहून अधिक अंतर. या भागात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण आहे. भट्टीवर, बांधकामावर असलेला माणूस होळीला घरी येतोच. होळीचे बाजार भरतात, ढोल वाजतात, पुढे बोहाड्याची सोंगं निघतात. आणि चार-आठ दिवसांनी पुष्कळ जण पुन्हा कामावर परततात, ते पावसाच्या तोंडावर यायला. म्हणून पवित्र आठवड्यात मोखाड्यातलं प्रार्थनामंदिर पुष्कळ वर्षी म्हाताऱ्यांचं आणि मुलांचं असतं. याचा दोष लोकांच्या श्रद्धेला देणं सोपं आहे. पण पवित्र आठवडा म्हणजे भट्टीच्या हंगामाचा ऐन भर; त्यावर बोट ठेवलं पाहिजे. गुड फ्रायडे, पास्काची रात्र यांच्या तारखा हलवता येत नाहीत आणि हलवूही नयेत. मात्र कुमसार, प्रायश्चित्ताची सामुदायिक प्रार्थना, पाड्यापाड्यांतून जाणारी मोठी क्रुसाची वाट, लग्नाच्या नोंदी, मुलांचे स्नानसंस्कारपूर्व वर्ग, रेशनकार्ड-आधारची मदत, हे सगळं होळीच्या आठवड्यात ठेवायला काहीच आडकाठी नाही. होळीकडे पाठ फिरवून या लोकांचा उपवासकाळ पाळता येणार नाही. शेकोटीभोवती जमलेल्या आपल्या भावकीत ख्रिस्ती आदिवासी बसला, तर त्याची श्रद्धा ढळते असं मला वाटत नाही. दारूचा नेम तो तिथेच पाळतो तेव्हा ती साऱ्या पाड्याला दिसते. आणि जे होळीला आलेच नाहीत, त्यांच्यासाठी वसई, विरार, भिवंडीकडच्या धर्मग्रामांनी रविवारी भट्टीपर्यंत जावं. मोखाड्याचा धर्मगुरू आणि किनाऱ्याचा धर्मगुरू यांनी दिवाळीनंतर एकमेकांना सांगावं, की कोणती कुटुंबं कुठे उतरली आहेत. एका धर्मप्रांतात असण्याचा अर्थ निदान एवढा तरी असावा.

भट्टीवर जाण्याची गोष्ट काढली की शेवटचा आक्षेप येतो, आणि तो चर्चबाहेरून येतो. आदिवासी भागात ख्रिस्ती माणूस मदतीला गेला की त्यामागे धर्मांतर आहे, असा संशय घेतला जातो. या संशयाला चिडून उत्तर देण्याने काही साधत नाही. मदत जितकी हक्काची तितका संशय कमी. किमान वेतन, वहीतला हिशेब, मुलाचा शाळेतला दाखला, आईचा आहार, पाण्याचा टँकर हे कायद्याने आणि शासनाच्या योजनांनी दिलेलं आहे. ते मिळवून देताना समोरचा कोणत्या देवाचा, हे विचारायचं कारणच नाही. भट्टीवर दहा कुटुंबं असतील आणि त्यांत एकच ख्रिस्ती असेल, तरी हिशेब दहाही कुटुंबांचा तपासला पाहिजे. ग्रामपंचायत, अंगणवाडी, आश्रमशाळा, कामगार खातं यांना बरोबर घेऊन, उघड्यावर, कागदावर काम करावं. पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी मत्तयाच्या शुभवर्तमानातला अंतिम न्यायाचा प्रसंग वाचला जातो. भुकेला, तान्हेला, परका यांना तुम्ही काय दिलं एवढाच प्रश्न तिथे विचारला जातो. त्यांचा धर्म कोणता होता, हा प्रश्न त्यात नाही.

माघ-फाल्गुनात मोखाड्यात जी माणसं घरी असतात ती राब भाजतात. पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवतात, आणि त्या राखेवर पुढे भाताचं रोप उगवतं. राखेच्या बुधवारची राखही अशाच पूर्वतयारीची असावी, एवढीच अपेक्षा आहे. ती तयारी मोजायच्या खुणा अवघड नाहीत. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामात या चाळीस दिवसांत किती मजुरांचे हिशेब चुकते झाले? किती बायांना त्यांच्या नावाची मजुरी त्यांच्या हातात मिळाली? भट्टीवर किती रविवारी कुणी जाऊन आलं? मोखाड्यात होळीला आलेल्यांपैकी किती जणांना धर्मग्राम भेटलं, किती पुरुषांनी दारूचा नेम पाळला, किती गरोदर बायांचं जेवण चुकलं नाही? ईस्टरनंतरच्या पहिल्या धर्मग्रामसभेत दोन्हीकडे ही उत्तरं वाचली जावीत आणि बिशपकडे जावीत. पुढच्या वर्षीचा उपवासकाळाचा संदेश त्यांवरून लिहिला जावा, वसईसाठी वेगळा आणि मोखाड्यासाठी वेगळा. वसईने सोडावं आणि मोखाड्याला मिळावं, हाच १९६६ च्या शासनाचा, लिओंच्या प्रवचनांचा आणि यशयाच्या त्या अध्यायाचा सरळ अर्थ आहे, आणि तो अमलात आणायला या धर्मप्रांताला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.